शेवटचं पान

रजिस्टरला रकाने आहेत:
ताप, खोकला, हगवण, गरोदर, बाळंत,
बीपी, शुगर, चावा (साप की कुत्रा).
मी ते भरते. पाच तारखेला
माळ उतरून आरोग्य केंद्रात नेऊन देते.

महारुद्र तांबारेच्या आईसाठी रकाना नाही.
ती म्हणते, "बाई, भिताडाच्या आत
कुणीतरी दळण दळायलंय. रातभर.
पीठ काही पडंना."
मी भिंतीला कान लावला.
भिंत गप्प होती.
त्या दुपारी वारंही नव्हतं.

अंगद सानपाच्या घरात सांजेला सुरू होतं.
पात्याची सावली दारातून आत येते,
चुलीवरून, परातीवरून,
बाळाच्या तोंडावरून जाते,
आणि ती गेली म्हणेपर्यंत दुसरी.
सून परात सरकवते. सावलीला परात कुठं आहे
ते बरोबर कळतं.
थोरली पोर बोटावर मोजत बसते.
शाळेत पन्नासपर्यंतच झालंय,
म्हणून पन्नास झाले की
पुन्हा एकपासून.

मैनोद्दीनचाचा जन्माचे बहिरे.
त्यांना काय विचारायचं, म्हणून मी पुढं निघाले होते.
त्यांनी थांबवलं. बाजेच्या खुराकडं बोट केलं,
मग स्वतःच्या बरगडीवर मूठ टेकवली,
हळू, पुन्हा हळू,
मध्ये श्वास घ्यायला जागा ठेवून.
मी लिहिलं: छातीत धडधड.
आणि खोडलं.
धडधड अशी नसते.

डॉक्टर नवे आहेत, लातूरचे. माणूस वाईट नाही.
"ताई," म्हणाले, "हे कानाचं नाही, मनाचं असतं.
ज्याच्या वावरात टॉवर, त्याला झोप लागते.
लागत नाही ती शेजारच्याला."
मी येताना जीपमध्ये विचार करत आले.
खरंच आहे.
ज्याच्या वावरात टॉवर, त्या लिंबराजनं
आलेल्या पैशातून बीडला घर बांधलं.
तो तिकडंच झोपतो.

मग कंपनीचं शिबिर झालं.
मांडव, लिंबाचं सरबत, चष्मे फुकट.
सकाळी अकराची वेळ, वारं पडलेलं,
पाती माळावर उभी,
पंगतीतल्या नव्या जावयासारखी निमूट.
सगळ्यांचं बीपी बरं निघालं.
तांबारेच्या आईला चष्मा मिळाला.
"आता दळणारी कोण हाय ते तरी दिसंल,"
ती म्हणाली, आणि मांडव हसला.
मीही हसले. सरबत चांगलं होतं.

आषाढ लागला तसं मावळतीकडून वारं सुटलं.
रजिस्टरचं शेवटचं पान कोरं असतं.
पट्टी नव्हती, लसीच्या कार्डाच्या कडेनं आखलं:
तारीख. वारं कुठून. जागी घरं.

सोमवार. मावळतीचं. सात.
मंगळवार. तेच, जास्त. नऊ.
सानपाची पोर झोपेत मोजत होती.
बुधवार. वारं नाही.
तरी चार.

हे चार मी खोडले नाहीत.
डॉक्टर विचारतील, "मग हे काय?"
विचारू देत. मलाही माहीत नाही.
वारं नसलं तरी ते येईल म्हणून
जागं राहणारी माणसं
कोणत्या रकान्यात धरायची?

गुरुवारी रात्री तीनला
मी कुणाच्याच दारात गेले नाही.
उशाचं रजिस्टर घेतलं,
मोबाइलच्या उजेडात लिहिलं:
दैवशाला. वय चौतीस. तक्रार
आणि पेन तिथंच राहिलं.
खिडकीतून टॉवरच्या टोकाचा तांबडा दिवा
दिसत होता, जात होता, दिसत होता.
उजेडानं नवऱ्यानं कूस बदलली.
"लाइट आली व्हय?"
"न्हाई," मी म्हणाले.
"संध्याकाळी गेली ती गेलीच हाय."